मुख्याध्यापकाला कोण शिकविणार?

एखादा चांगला शिक्षक वीस वर्षे वर्गात मन लावून शिकवितो. एके दिवशी बढतीचा कागद हाती येतो आणि तो मुख्याध्यापक होतो. दुसऱ्याच सकाळी दोन शिक्षक गैरहजर असतात, दारात एक पालक रागावून उभा असतो, नवी शिक्षिका रडकुंडीला आलेली असते आणि टेबलावर हिशेबाची वही पडलेली असते. ह्यातले काहीच त्याला कोणी शिकविलेले नसते. मुलांना शिकविणे आणि शाळा चालविणे ही दोन वेगळी कामे आहेत.

ह्या प्रश्नाकडे ओमान देशाने कसे पाहिले, ते आज वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटते.

१९७० साली सुलतान काबूस गादीवर आले तेव्हा तेथे अवघ्या तीन शाळा होत्या. विद्यार्थी सुमारे ९००, आणि तेही सारे मुलगे. पुढे शाळा भराभर निघाल्या. इमारत नव्हती तेथे तंबूत आणि झाडाखाली वर्ग भरले. इजिप्त, सुदान, जॉर्डन ह्या देशांतून शिक्षक आणले. आज सरकारी शाळा हजारावर गेल्या आहेत. पण भिंती वर्षभरात उभ्या राहतात. शाळा सांभाळणारी माणसे तयार व्हायला पिढी लागते.

१९९८ मध्ये तेथे मूलभूत शिक्षणाची नवी पद्धत सुरू झाली. मुख्याध्यापकाने केवळ हजेरीपट आणि शिस्त न पाहता वर्गात जाऊन बसावे, शिक्षकाशी धड्याविषयी बोलावे, अशी अपेक्षा वाढली. अरबीत ह्याला ‘मुशरिफ मुकीम’ म्हणतात, म्हणजे शाळेतच राहणारा पर्यवेक्षक. नाव छान, पण हे काम शिकवायचे कोणी?

२०१४ साली मस्कत येथे शिक्षकांच्या व्यावसायिक प्रशिक्षणासाठी खास केंद्र उघडले. शिक्षकांबरोबर पर्यवेक्षक आणि मुख्याध्यापक ह्यांचेही अभ्यासक्रम तेथे आखले गेले. हे चार दिवसांचे शिबिर नव्हे. काही भाग केंद्रात, काही संगणकावर आणि काही आपल्याच शाळेत रोजचे काम करता करता शिकायचा. मस्कतहून सलालाह सुमारे हजार किलोमीटर दूर आहे. एवढ्या लांबच्या माणसाने शाळा सोडून किती दिवस राजधानीत बसावे? म्हणून ही रीत आम्हांला शहाणपणाची वाटते.

महाराष्ट्रातही नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने शालेय व्यवस्थापनाची पदविका ठेवली. नोकरी सांभाळून अनेक शिक्षकांनी ती घेतली.

तरीही पदविका हाती आली म्हणजे सारे झाले असे नाही. शिकलेले अंगवळणी पडेपर्यंत पाठीशी एक अनुभवी माणूस हवा. तो तपासनीस नसावा. तपासनिसापुढे कोणी आपली चूक कबूल करीत नाही, कारण ती अहवालात जाईल ही भीती असते. मार्गदर्शकाने आधी ऐकावे, मग विचारावे, आणि ऐकलेले आपल्यापाशीच ठेवावे. त्याने हुकूम सोडू नयेत. निर्णय शाळेच्या मुख्याध्यापकानेच घ्यावा, नाहीतर तो कधीच स्वतःच्या पायावर उभा राहणार नाही.

आता आपल्या बेटाकडे वळू या. येथे १९७३ पासून मॉरिशस इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन शिक्षकांना घडवीत आहे. शिवाय आपल्या मराठी घराघरांत निवृत्त शिक्षक आणि हेडमास्तर आहेत. कोणी बैठकेत मराठी शिकविली, कोणी वादळानंतर पत्रे उडालेली शाळा पुन्हा भरविली. ती शिदोरी घरच्या ओसरीवर पडून राहावी काय? नव्या हेडमास्तरांनी अशा वडीलधाऱ्यांकडे महिन्यातून एकदा चहाला जावे, मनातली अडचण मोकळेपणी सांगावी. वडीलधाऱ्यांनीही ‘आमच्या वेळी असे नव्हते’ ह्या वाक्याने सुरुवात करू नये.

मुख्याध्यापक एकटा पडला की शाळा एकटी पडते, आणि त्याचा भार शेवटी आपल्याच लेकरांवर येतो.