इंजिनाच्या तोंडावरचे दोन धाकटे दिवे

संपादकांनी पाठवलं होतं हेडलाइट बघायला. रेल्वे इंजिनाच्या हेडलाइटचं काहीतरी पुण्याजवळच्या चिखलीत बनतं म्हणे, जाऊन ये, एवढाच निरोप. चिखलीत काय बनत नाही, असं विचारणं जास्त सोपं. साने चौकातून कुदळवाडीच्या अंगाला वळलं की पत्र्याच्या शेडमागे पत्र्याची शेड. एकात ट्रॅक्टरचा ब्रॅकेट, दुसऱ्यात पंपाचं झाकण, तिसऱ्यात कुणालाच नीट सांगता न येणारं, पण रोज पाचशे नग जाणारं काहीतरी. गावाला रेल्वे मात्र नाही. लोकल पकडायची तर आकुर्डी नाहीतर चिंचवड गाठायचं.

विचारत विचारत जो गाळा सापडला, तिथे हेडलाइट नव्हता. तिथे मार्कर लाइटच्या बॉड्या होत्या. इंजिनाच्या तोंडावर डाव्या-उजव्या बाजूला जे दोन लहान दिवे असतात, त्यांची ही घरं. तळहाताएवढं ॲल्युमिनियमचं गोल कास्टिंग, पुढे काच बसण्याची खाच, मागे वायरीचं भोक. मटेरियल पार्टी देते, इथे मशीनिंग होतं, चलानावर माल परत जातो. पुढे तो कुठे जोडला जातो आणि कुठल्या इंजिनावर चढतो, हे गाळ्यातल्या कुणी पाहिलेलं नाही. मी थोडा हिरमुसलो. परत निघणार तेवढ्यात तिथल्या मिस्त्रींनी काच बसवून बंद केलेली एक बॉडी भट्टीतून काढली आणि गरम असतानाच पाण्याच्या बादलीत बुडवली. चर्र झालं आणि ते वाकून काचेआड पाण्याचा थेंब शोधू लागले.

मिस्त्री लातूरकडचे. वीसेक वर्षं या पट्ट्यात काढलेली, आधी चाकणच्या एका मोटारीच्या दिव्यांच्या कारखान्यात कंत्राटावर. बोलणं कमी, दिव्याबद्दल विचारलं तर जास्त. त्यांच्या मते दिव्याचा शत्रू धक्का नाही, धूळही नाही, घाम आहे. दिवा पेटला की आतली हवा तापते, फुगते, फटीतून बाहेर पडते. वरून पाऊस आला की बॉडी थंड होते, हवा आकसते आणि त्याच फटीतून ओली हवा आत ओढून घेते. आत आलेलं पाणी बाहेर जात नाही. सकाळी काचेला आतून घाम फुटलेला असतो आणि दिवा असून नसल्यासारखा.

“आम्ही आधी काय करायचो, स्क्रू अजून आवळायचो,” ते म्हणाले. “जेवढं आवळाल तेवढं ते जास्त ओढतंय. दिव्याला नाक लागतं, साहेब.”

ते नाक म्हणजे मागच्या बाजूला बसवलेलं वाटाण्याएवढं ब्रीदर: आत पातळ पडदा, त्यातून हवा ये-जा करते, पाण्याचा थेंब येत नाही. बादलीतली परीक्षा ब्रीदरच्या जागी बूच मारून करायची. मग आत थेंब दिसला तर तो ओ-रिंगच्या, म्हणजे काचेखालच्या रबरी कड्याच्या, खाचेचा दोष. खाच केसभर उथळ झाली तरी रिंग नीट दबत नाही आणि अख्खा लॉट रिवर्कला येतो. मिस्त्री प्रत्येक खाचेत नखाने एक फेरी मारतात आणि मगच व्हर्नियर लावतात. व्हर्नियर साहेब लोकांसाठी, असं त्यांनी सांगितलं नाही, पण चेहऱ्यावर होतं.

एवढी काळजी कशासाठी, तर दूरवरून धड दिसतही नाहीत अशा दिव्यांसाठी. इथून माझं डोकं हेडलाइटवरून हललं आणि या धाकट्या भावंडांवर अडकलं.

हेडलाइटचा इतिहास थोडक्यात उरकता येतो. 1830च्या दशकात अमेरिकेत इंजिनापुढे सपाट डब्यावर वाळू पसरून पाइनच्या लाकडाची शेकोटी ढकलत नेली गेली. मग तेलाचा दिवा, ॲसिटिलीन, वाफेवर फिरणाऱ्या टर्बो-जनरेटरची वीज. इंग्लंडात रुळांना दुतर्फा कुंपण, त्यामुळे तिथल्या गाडीपुढचे मिणमिणते दिवे बराच काळ उजेडासाठी नव्हतेच. ही कुठल्या दर्जाची गाडी, हे सिग्नलवाल्याला कळावं म्हणून होते. आपल्याकडे कुंपण नाही. गुरं, माणसं, सायकली, शाळेची पोरं, सगळ्यांची वाट रुळांवरून जाते. आपल्या इंजिनांवर ट्विन बीम आला: शेजारी शेजारी दोन दिवे, एक गेला तरी दुसरा चालू. हॅलोजनची जागा आता एलईडी घेतो आहे.

पण हा झोत कुणाच्या डोळ्यांसाठी? अमेरिकी नियमात हेडलाइटला किमान 2 लाख कँडेला लागतात आणि 800 फुटांवरचा माणूस दिसावा अशी अपेक्षा असते. हिशेब केला तर 300 मीटरवर हा झोत पौर्णिमेच्या चांदण्याच्या आठ-दहा पट उजेड पाडतो. ताशी 110 किलोमीटरने धावणारी गाडी ते 300 मीटर दहा सेकंदांच्या आत संपवते. थांबायला मात्र तिला याच्या कितीतरी पट अंतर लागतं. ब्रॉडगेजवर अडथळा असेल तर चालकाला सावध करणारे फटाके रुळावर 600 आणि 1200 मीटरवर लावायचा रेल्वेचा नियम आहे, त्यावरून अंदाज यावा. म्हणजे हेडलाइटमध्ये माणूस दिसला, तरी लोको पायलटच्या हातात हॉर्न आणि ब्रेक यापलीकडे फारसं काही नसतं. वाचायचं असेल तर रुळावरच्यानेच गाडी बघायची आणि बाजूला व्हायचं. दिवा चालकासाठी घडवला, काम त्याला उलट्या बाजूने करायचं आहे.

आणि उलट्या बाजूला आहे माणसाचा डोळा, मिस्त्रींच्या ओ-रिंगपेक्षा हट्टी. इंजिनाची रुंदी साधारण सव्वातीन मीटर. 600 मीटरवर ते चंद्रबिंबाहून लहान दिसतं, 300 मीटरवर चंद्राहून जरासं मोठं. या दहा सेकंदांत ते जेमतेम दुप्पट झालं. पुढच्या नऊ सेकंदांत, 30 मीटरवर येईपर्यंत, ते दहा पट होतं. डोळा वेग ओळखतो तो आकार वाढण्यावरून, आणि वाढ दिसते तेव्हा वेळ संपलेली असते. शिवाय मोठी वस्तू आहे त्यापेक्षा सावकाश येते असं वाटतं. हर्शेल लीबोविट्झ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1985 मध्ये रेल्वे फाटकांवरच्या अपघातांच्या संदर्भात हे मांडलं. रात्री एकच झगझगीत दिवा असेल तर आकारही दिसत नाही. ठिपका मोठा होत नाही, नुसता प्रखर होतो.

मुंबईने या हट्टाशी एकदा गमतीदार झुंज दिली. 2010च्या आसपास वडाळ्याला फायनलमाइल या सल्लागार संस्थेने रेल्वेबरोबर एक प्रयोग केला. काही स्लीपर पिवळे रंगवले, म्हणजे गाडी एकेक पट्टा गिळत येताना वेग डोळ्याला कळावा. लांब हॉर्नऐवजी दोन तुटक आवाज. आणि गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या किंकाळीचे फोटो. दिव्याला कुणी हात लावला नव्हता, पण दुखणं अचूक ओळखलं होतं. दुखणं केवढं, ते अनिल काकोडकर समितीने 2012च्या अहवालात सांगितलं: रूळ ओलांडताना देशात वर्षाला सुमारे 15 हजार मृत्यू, त्यातले सुमारे 6 हजार एकट्या मुंबई उपनगरी मार्गावर.

अमेरिकेने दिव्याला हात लावला. फाटकांवरून ताशी 20 मैलांपेक्षा जास्त वेगाने जाणाऱ्या इंजिनांना हेडलाइटखाली दोन्ही बाजूंना आणखी दोन प्रखर दिवे लावणं 1997 संपेपर्यंत सक्तीचं झालं. वर एक, खाली दोन: उजेडाचा त्रिकोण. गाडी जवळ येते तसा त्रिकोण उघडत जातो आणि डोळ्याला हवी ती वाढ मिळते. गाळ्यात बसून मी हा त्रिकोण कागदावर काढला आणि लक्षात आलं की खालचे दोन कोपरे आपल्याकडे आधीपासून आहेत. मिस्त्रींच्या हातात त्यातलाच एक होता. फक्त तो फार मंद आहे.

मग वाढवा त्याचा उजेड! इतकं सोपं असतं तर काय हवं होतं. मार्कर लाइट हा उजेडाचा दिवा नाही, तो निरोपाचा दिवा आहे. रात्री पुढच्या बाजूला दोन पांढरे, यार्डात फक्त शंटिंग करणाऱ्या इंजिनाला पुढेमागे दोन-दोन लाल. ही भाषा कर्मचाऱ्यांच्या हाडात मुरलेली आहे, तिच्यात एक शब्द बदलायचा तर सगळ्यांना नव्याने शिकवावं लागेल. अमेरिकेत काही इंजिनांचे खालचे दिवे हॉर्नबरोबर आळीपाळीने लुकलुकतात. आपल्याला तीही मुभा नाही, कारण इंजिनावर लुकलुकणाऱ्या पिवळ्या फ्लॅशरचा अर्थ ठरलेला आहे: इथे घात आहे, शेजारच्या रुळावरच्याने थांबावं.

आणि तो अर्थ नीट पोचला तरी पुरत नाही. 22 जानेवारी 2025च्या दुपारी जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्सप्रेसमधून आगीच्या अफवेने घाबरलेले प्रवासी शेजारच्या रुळावर उतरले आणि कर्नाटक एक्सप्रेसखाली सापडले; किमान 12 जण गेले. रेल्वेने सांगितल्याप्रमाणे पुष्पकचा फ्लॅशर चालू होता, समोरच्या चालकाने ब्रेकही लावला. पण तिथे वळण होतं. उजेड सरळ जातो, रूळ वळतो.

प्रखरपणाचीही किंमत असते. समोरून गाडी आली की लोको पायलट हेडलाइट डिम करतो, नाहीतर समोरचा आंधळा होतो. खालचे दिवे तर रुळावरच्या ट्रॅकमनच्या डोळ्यांच्या जवळच्या उंचीवर. जुलैत मळवली-लोणावळ्याकडे धुकं उतरतं तेव्हा जास्त उजेड म्हणजे चालकापुढे जास्त पांढरी भिंत. काही इंजिनांवर हेडलाइट काचांच्या वर आहे, काहींवर खाली पोटाशी. दुसऱ्या जातीत त्रिकोण होतच नाही, तीन दिवे जवळजवळ एका ओळीत येतात.

गाळ्याच्या अडचणी वेगळ्या. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने चिखली-कुदळवाडीतली चार हजारांच्या आसपास अनधिकृत बांधकामं पाडली. भंगाराची गोदामं गेली, तशा छोट्या शेडही गेल्या. यांचा गाळा वाचला. पावडर कोटिंगवाला मात्र चाकणच्या पुढे गेला. आता शंभर बॉड्यांसाठी टेम्पोचं भाडं परवडत नाही म्हणून माल साठवून ठेवतात आणि पार्टीचे फोन झेलतात.

निघताना मी कागदावरचा त्रिकोण मिस्त्रींपुढे ठेवला. याच बॉडीत दसपट उजेडाचा एलईडी बसेल का? त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. बॉडी उलटी केली, व्हर्नियरने खोली मोजली, भिंतीची जाडी मोजली.

“बसतोय. पण उष्णता जायची कुठून? मागून फिन्स द्याव्या लागतील, वीस एमएम तरी. मग हे इंजिनाच्या पत्र्यातल्या भोकात मावणार नाही. भोक मोठं करायचं म्हणजे ड्रॉइंग बदलायचं.”

ड्रॉइंग कोण बदलतं?

“लखनौ,” ते म्हणाले, म्हणजे रेल्वेच्या संशोधन आणि मानक संस्थेचं कार्यालय, आणि पुढची बॉडी भट्टीतून काढली.