मचाण निवडायचं म्हणजे आधी झाड बघायचं

मचाण म्हटलं की आपल्याला बुद्धपौर्णिमेची रात्र आणि पाणवठ्यावरची प्राणीगणना आठवते. अमेरिकेत मात्र व्हाइटटेल हरणाची शिकार परवान्याने चालते आणि तयार धातूचं मचाण दुकानात मिळतं. त्यातलं कुठलं घ्यावं? आम्ही म्हणू, आधी झाड बघा.

खोड सरळ आणि बिनफांद्यांचं असेल तर चढतं मचाण चालतं. त्याचे दोन भाग आळीपाळीने वर सरकवत माणूस चढतो. खाली फांद्या असल्या की ते अडकतं. तिथे पट्ट्याने टांगायचं मचाण बरं, पण त्याला चढायच्या पायऱ्या वेगळ्या लावाव्या लागतात. शिडीचं मचाण नवख्याला सोयीचं. जड असतं, एकट्याने उभं करू नये.

वजनाची मर्यादाही बघा. ती बहुधा 300 पौंड, म्हणजे सुमारे 136 किलो असते, आणि त्यात कपडे, बंदूक, पिशवी सगळं आलं.

पण खरा प्रश्न पडण्याचा आहे. माणसं बसल्या जागेवरून कमी पडतात. चढताना, उतरताना आणि शिडीवरून मचाणावर पाय टाकताना जास्त. म्हणून नुसता कमरपट्टा नको, अंगभर बसणारा हार्नेस हवा, आणि तो जमिनीवरूनच दोराला अडकवलेला हवा. लोंबकळत राहणंही जिवावर बेततं, कारण पायांत रक्त साचतं. पाय टेकवायला दोराचा फास जवळ ठेवा. बंदूक रिकामी करून मागाहून दोरीने वर ओढा. आणि हंगाम संपला की मचाण उतरवा. उन्हाने पट्टे कुजतात, झाडही जाड होत असतं.