कॉकटेल : मिश्रणाचे शास्त्र आणि मापाचा विवेक

चैत्रात आपल्याकडे घरोघरी पन्हे होते. कैरी तीच, गूळ तोच, वेलदोडाही तोच. पण एका घरचे पन्हे पुन्हा मागून घ्यावेसे वाटते आणि दुसऱ्या घरचे केवळ शिष्टाचार म्हणून संपवावे लागते. हा फरक जिनसांचा नसतो, प्रमाणाचा असतो. गोडाने आंबटाची धार बोथट करावी, आंबटाने गोडाला आवरावे, चिमूटभर मिठाने दोहोंची चव उजळावी, हे जिला साधले त्या गृहिणीला आजच्या विषयाचे निम्मे शास्त्र अवगत आहे असे खुशाल समजावे.

विषय आहे कॉकटेल. मद्य घ्यावे की घेऊ नये, हा वाद आज आपण उकरून काढणार नाही. जे घेत नाहीत त्यांना ते घेण्याचा आग्रह करणे हा माझा हेतू नव्हे. पण जे घेतात, आणि विशेषतः जे आपल्या घरी पाहुण्यांना देतात, त्यांनी ते आंधळेपणाने देऊ नये. कॉकटेल म्हणजे बाटल्यांची सरमिसळ, हा समज आपल्याकडे फार रूढ आहे. वस्तुतः कॉकटेल म्हणजे मोजमाप. हे एक वाक्य ध्यानात राहिले तरी आजचे बोलणे सार्थकी लागले असे मी मानीन.

मिश्र पेयांच्या इतिहासाचे एक टोक आपल्याच किनाऱ्यावर सापडते. ‘पंच’ नावाचे पेय सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांत प्रिय झाले. १६३२ सालच्या एका इंग्रजी पत्रात त्याचा उल्लेख आढळतो. जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य १६७०च्या दशकात सुरत-मुंबईकडे होता. त्याच्या १६९८ साली छापलेल्या प्रवासवर्णनात गोव्याकडील नेरुळच्या माडाच्या दारूची तारीफ आहे; तीपासून इंग्रज लोक ‘पंच’ करतात आणि पाच घटकांवरून हे नाव पडले, असेही तो सांगतो. दारू, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला हे ते पाच. काही भाषापंडितांना ही व्युत्पत्ती मान्य नाही. पण नावाचा वाद बाजूला ठेवला, तरी कडक, आंबट, गोड, सौम्य आणि सुगंधी यांचा मेळ घालण्याची कल्पना त्या वेळीच पक्की झालेली दिसते.

‘कॉकटेल’ हा शब्द पुढचा. १८०६ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील हडसन गावच्या एका वृत्तपत्राने, वाचकाच्या पृच्छेवरून, त्याची व्याख्या छापली : कोणतेही कडक मद्य, साखर, पाणी आणि ‘बिटर्स’ यांचे मिश्रण. गंमत अशी की त्या पत्राच्या नावातच ‘बॅलन्स’, म्हणजे तराजू, हा शब्द होता! बिटर्स म्हणजे साली, मुळ्या व मसाले मद्यात भिजवून काढलेला कडू अर्क. तो थेंबांनीच घालायचा. आज सर्वत्र मिळणारा अँगोस्टुरा हा अर्क योहान सीगर्ट या जर्मन वैद्याने व्हेनेझुएलात १८२४ साली सिद्ध केला, तोही पोटाचे औषध म्हणून. पुढे १८६२ साली जेरी टॉमस याने या कलेवरचे पहिले अमेरिकन पुस्तक छापले आणि कानोकानी चालत आलेली प्रमाणे कागदावर आली.

अभिजात कॉकटेलांची नावे शेकड्यांनी असली, तरी घरगुती कामाला दोन कुळे ओळखली म्हणजे पुरे. पहिले कुळ आंबटाचे, दुसरे बिनआंबटाचे.

आंबट कुळाचा उत्तम नमुना म्हणजे डायकिरी. क्यूबातील सँतियागोजवळच्या डायकिरी या खाणींच्या गावावरून हे नाव आले. प्रमाण असे : रम ६० मिलिलिटर, ताजा लिंबाचा रस २२ आणि साखरेचा पाक २२. पाक म्हणजे साखर व पाणी समभाग घेऊन विरघळवलेले. कारण थंड मद्यात कोरडी साखर धड विरघळत नाही आणि तळाशी बसते. या पेयाला जे लिंबू लागते ते आपले कागदी लिंबूच. लिंबू आणि ऊस हे दोघेही आशियातून निघून कॅरिबियन बेटांवर पोचले. कोलंबसाने १४९३ सालच्या दुसऱ्या सफरीत ऊस तिकडे नेला आणि त्याच्याच मळीतून पुढे रम झाली. तेव्हा डायकिरी परदेशी असली, तरी तिचे माहेर बरेचसे आपल्याच बाजूचे आहे.

दुसऱ्या कुळात ‘ओल्ड फॅशन्ड’ येते : व्हिस्की ६०, पाक एक लहान चमचा, बिटर्सचे दोन-तीन शिंतोडे आणि संत्र्याची साल. १८०६ची व्याख्या ती हीच. जिन आणि वर्मूथ यांची मार्टिनी याच कुळातली. जिन, कांपारी आणि गोड वर्मूथ समभाग घेऊन होणारी इटलीची निग्रोनीही तशीच.

या दोन कुळांची कृती भिन्न का, तेही पाहू. फळांचा रस असेल तर मिश्रण बर्फासह झाकणाच्या भांड्यात दहा-पंधरा सेकंद जोराने हलवावे. त्याने रस आणि मद्य एकजीव होतात, हवेचे बारीक बुडबुडे शिरतात आणि पेयाला हलका फेस येतो. रस नसेल तर लांब चमच्याने शांतपणे ढवळावे, म्हणजे पेय नितळ राहते. खास भांडे नसल्यास घट्ट झाकणाची काचेची बरणीही चालते.

आता बर्फ. आपल्याकडे बर्फ कारखान्यात होण्यापूर्वी तो अमेरिकेहून येत असे, हे ऐकून अनेकांना नवल वाटेल. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याचे जहाज १८३३ साली बोस्टनच्या तळ्यांतला बर्फ भुशात बांधून कलकत्त्याला घेऊन आले. पुढे मुंबईलाही हा माल येऊ लागला. बर्फाचे काम केवळ गार करण्याचे, ही समजूत अपुरी आहे. शंभर ग्रॅम पाणी तीस अंशांवरून शून्यावर आणायचे तर त्यातून तीन हजार कॅलरी उष्णता काढावी लागते. एक ग्रॅम बर्फ वितळताना ऐंशी कॅलरी शोषून घेतो. म्हणजे साडेसदतीस ग्रॅम बर्फ वितळलाच पाहिजे! मद्यमिश्रणात आकडे थोडे बदलतील, तत्त्व बदलत नाही. वितळलेले हे पाणी म्हणजे भेसळ नव्हे. ते कृतीचाच एक घटक आहे, १८०६च्या व्याख्येतले ‘पाणी’ ते हेच. म्हणून बर्फ घालण्यात कंजूषपणा करू नये. थोडा बर्फ पूर्ण वितळून जातो आणि पेय पुन्हा कोमट होते. भरपूर, कोरडा आणि मोठ्या खड्यांचा बर्फ ते गार राखतो.

सजावटीचे तत्त्वही असेच उपयोगाचे आहे. लांब दांड्याचा पेला नाजूक दिसतो खरा. पण त्याचे काम हाताची ऊब पेयाला लागू न देण्याचे. तो आधी शीतकपाटात ठेवून गार करावा. संत्र्याची साल बोटांत दुमडून पेल्यावर दाबली की तेलाचे सूक्ष्म तुषार पृष्ठभागावर पसरतात. ओठांआधी नाकाला पेय कळते ते त्यामुळे. सालीचा पांढरा भाग मात्र कडू असतो, तो काढून टाकावा. ज्या सजावटीला वास नाही, चव नाही आणि काम नाही, ती नसलेली बरी.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. गोड आणि आंबट यांचा तोल साधला की मद्याचा कडकपणा जिभेला जाणवत नाही. हीच कॉकटेलची खुबी, आणि हाच त्याचा धोका. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, तेव्हा चोरट्या, हलक्या दारूची दुर्गंधी रस आणि मध घालून झाकली जाई. पण चव झाकली म्हणजे विष जात नाही. मुंबईत मालवणी येथे २०१५ साली विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली. तिच्यातील मिथेनॉल चवीवरून ओळखता येत नाही.

चांगल्या मद्याचाही हिशेब असतो. आपल्याकडील रम-व्हिस्कीत सामान्यतः ४२.८ टक्के मद्यार्क असतो. साठ मिलिलिटरांत तो सुमारे २० ग्रॅम भरतो. पाच टक्क्यांच्या अर्धा लिटर बिअरमध्येही जवळजवळ तेवढाच असतो. अर्धा लिटर बिअर पोट भरवते. डायकिरी चार घोटांत संपते आणि सरबतासारखी लागते. शरीर मात्र तासाला साधारण सात ते दहा ग्रॅमच मद्यार्क पचवते. यजमानाने मोकळ्या हाताने ओतले तर साठाचे नव्वद कधी झाले, हे पाहुण्याला कळत नाही. तिकडे या मापाच्या पेल्याला ‘जिगर’ म्हणतात, आणि फारसीत जिगर म्हणजे यकृत. पहिले हाती धरले नाही, तर दुसरे हातचे जाते!

काही गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. आरोग्याला पूर्णतः निर्धोक असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जाहीर केले आहे. महाराष्ट्रात १९४९च्या कायद्यान्वये मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो, आणि कडक मद्यासाठी वयाची पंचवीस वर्षे पूर्ण असावी लागतात. वाहन चालवणाऱ्याच्या रक्तात शंभर मिलिलिटरांमागे ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असणे हा गुन्हा आहे. तेव्हा जो गाडी घेऊन घरी जाणार, त्याच्या पेल्यात मद्य घालूच नये.

मग त्याला काय द्यावे? कोमट पाण्याचा पेला पुढे सरकवणे हा आदर नव्हे. कोकमाचे आगळ, साखरेचा पाक, चिमूटभर मीठ आणि जिऱ्याची पूड घ्यावी, भरपूर बर्फासह हलवावे, आणि तशाच गार केलेल्या, तशाच सुबक पेल्यात ओतावे. गोड, आंबट, खारट, सुगंध आणि पाणी, पाचही आले. न घेणाऱ्याला आपण निराळ्या पंक्तीत बसलो आहोत असे वाटू नये, आणि घेणाऱ्याला ‘आता पुरे’ म्हणताना संकोच होऊ नये. ज्या घरी या दोन्ही गोष्टी सांभाळल्या जातात, तेथील यजमानाला ही कला आली असे म्हणावे.