तलाठी ते मंडळ अधिकारी : जबाबदारीचे बदलते स्वरूप

महसूल प्रशासनाचा पाया म्हणजे तलाठी. २०२४ मध्ये या पदास ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे नाव देण्यात आले. आपल्या सजातील गाव नमुने अद्ययावत राखणे, फेरफार नोंदविणे व महसूल वसूल करणे ही कामे तो स्वतःच्या हाताने करतो. पदोन्नतीने मंडळ अधिकारी झाल्यावर मात्र अनेक सजांच्या कामाचे पर्यवेक्षण त्याच्याकडे येते. हा केवळ दर्जातील बदल नसून कामाच्या स्वरूपातील बदल आहे.

ठाणे जिल्ह्याच्या कल्याण तालुक्यातील टिटवाळा मंडळाच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. महागणपतीमुळे सर्वपरिचित असलेले टिटवाळा काळू नदीकाठी, कल्याण-कसारा लोहमार्गावर वसले आहे. मांडा-टिटवाळा परिसर कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेत मोडतो. आसपासच्या अनेक गावांचा कारभार ग्रामपंचायती पाहतात. एकीकडे भातशेती, दुसरीकडे वाढती वसाहत, अशा ठिकाणी खरेदी, वारस व वाटणीच्या नोंदींना साहजिकच विशेष महत्त्व येते.

नोंद एकाची, पडताळणी दुसऱ्याची

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० अन्वये तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद घेतो, तिची प्रत चावडीत लावतो व हितसंबंधितांना सूचना देतो. हरकत आल्यास तिची विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत स्वतंत्र नोंद होते. अविवादित नोंद तपासून ती प्रमाणित करण्याचे काम मंडळ अधिकाऱ्याचे. लिहिणारा आणि तपासणारा वेगळा असावा, हेच या व्यवस्थेचे मर्म होय. एखाद्या वारसाचे नाव वगळले गेले असेल, तर ती चूक याच टप्प्यावर लक्षात येऊ शकते.

कुशल तलाठ्याची अडचण नेमकी येथेच होते. सहकाऱ्याची नोंद सदोष दिसताच ती स्वतःच लिहून देण्याचा मोह होतो. त्या दिवसापुरते काम सुटते. परंतु तलाठी शिकत नाही आणि स्वतःच्याच लेखनाची तपासणी करण्याची वेळ अधिकाऱ्यावर येते. याउलट दोष दाखवून, नियम समजावून व दुरुस्ती तलाठ्याकडूनच करवून घेतल्यास पुढील नोंदी निर्दोष होतात.

आपत्तीच्या वेळी हा फरक अधिक जाणवतो. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीचा तडाखा कल्याण परिसरासही बसला होता. अशा वेळी मंडळ अधिकाऱ्याने एकाच गावात पंचनामे लिहीत बसल्यास इतर गावे खोळंबतात. गावांची वाटणी करणे, सर्वत्र एकच निकष लावला जातो की नाही हे पाहणे आणि काही पंचनामे प्रत्यक्ष जागेवर पडताळणे, हे त्याचे खरे काम.

शिक्षकाचा केंद्रप्रमुख होतो, तेव्हाही हेच तत्त्व लागू पडते. स्वतः उत्तम पाठ घेणे आणि इतरांचे पाठ उत्तम व्हावेत म्हणून मार्गदर्शन करणे, ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. म्हणून पदोन्नतीच्या आदेशाबरोबरच पर्यवेक्षणाचे प्रशिक्षणही मिळणे अगत्याचे आहे. मंडळ अधिकाऱ्याच्या कामाचे मोजमाप त्याने स्वतः किती नोंदी लिहिल्या यावरून करता येणार नाही. मंडळातील खातेदाराला बिनचूक सातबारा वेळेत मिळतो की नाही, यावरूनच ते करावे लागेल.