यकृत कर्करोग : उपचारोत्तर प्रतिमादर्शन

यकृताच्या प्राथमिक कर्करोगावर उपचार केल्यानंतर अर्बुदाचा कोणता भाग मृत झाला आणि कोणता जिवंत राहिला, हे शरीर न उघडता पाहण्याच्या पद्धती. प्राथमिक कर्करोग यकृताच्या स्वतःच्या ऊतकात उद्‌भवतो. त्यातील बहुसंख्य अर्बुदे यकृतकोशिकांपासून होतात व येथे त्यांचाच विचार केला आहे. अशा बहुतेक रुग्णांचे यकृत सूत्रण रोगाने आधीच दुर्बल झालेले असते. त्यामुळे शस्त्रक्रिया किंवा यकृतारोपण पुष्कळांना शक्य नसते व अर्बुद जागच्या जागी नष्ट करावे लागते. त्यासाठी सुई खुपसून तिच्या टोकाशी उत्पन्न केलेल्या उष्णतेने ते जाळतात, त्याला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीत औषध व रोधक द्रव्य सोडतात किंवा किरणोपचार करतात. या तिन्ही प्रकारांत अर्बुद मेले, तरी त्याचा गोळा यकृतातच राहतो. त्यामुळे उपचारानंतर प्रतिमेत गाठ दिसणे, एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

आकारमानाची मर्यादा : घन अर्बुदांवरील उपचारांचे फलित मोजण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९७९ मध्ये आणि त्यानंतर अमेरिका, यूरोप व कॅनडा येथील कर्करोग संस्थांनी २००० मध्ये निकष प्रसिद्ध केले. दोहोंचा आधार अर्बुदाचा व्यास हा होता. कोशिकानाशक औषधांनी आकसणाऱ्या अर्बुदांना हे निकष लागू पडतात. यकृतात मात्र ते दिशाभूल करतात. अर्बुद जाळताना त्याच्या कडेच्या निरोगी ऊतकाचा पट्टाही मुद्दाम जाळावा लागतो. साहजिकच पहिल्या तपासणीत दग्ध क्षेत्र मूळ अर्बुदापेक्षा मोठे दिसते व केवळ मोजपट्टी लावल्यास यशस्वी उपचार ‘वाढ’ म्हणून नोंदला जाईल. सोराफेनिब या औषधाच्या ६०२ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ही उणीव ठळकपणे पुढे आली. व्यासाच्या निकषानुसार पुरेसे आकसलेले अर्बुद औषध घेणाऱ्यांपैकी अवघ्या २ टक्के रुग्णांत आढळले. तरीही त्यांचे मध्यक आयुर्मान १०·७ महिने, तर औषध न मिळालेल्यांचे ७·९ महिने भरले. नुसत्या आकसण्यावर भिस्त ठेवली असती, तर हे औषध निरुपयोगी ठरले असते.

तत्त्व : निरोगी यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्याकडून येणाऱ्या प्रवेशिनी नीलेतून मिळते आणि उरलेले यकृत रोहिणीतून. कर्कार्बुद वाढते, तसे ते जवळजवळ सर्वस्वी रोहिणीवर पोसले जाते. हातातील नीलेत आयोडीनयुक्त द्रव्य टोचल्यावर साधारण ३५ सेकंदांनी ते यकृत रोहिणीतून अर्बुदात पोहोचते व सभोवतीचे यकृत अद्याप मंद असताना अर्बुद उजळते. पुढे मिनिटभराने व काही मिनिटांनी घेतलेल्या छेदांत यकृत उजळलेले असते आणि अर्बुद फिके पडते. उजळणे व नंतर फिके पडणे ही जिवंत अर्बुदाची खूण होय. मृत ऊतकात रक्तच जात नाही, म्हणून ते प्रारंभापासून अखेरपर्यंत काळेच राहते.

बार्सेलोना येथे २००० मध्ये भरलेल्या तज्ञांच्या परिषदेने या तत्त्वावर जिवंत भागाचे मापन करण्याची शिफारस केली. २०१० मध्ये सविस्तर मांडलेल्या सुधारित निकषांत संपूर्ण गाठीऐवजी रोहिणी-अवस्थेत उजळणाऱ्या भागाचाच व्यास धरतात.

पद्धती व त्यांतील फसगती : संगणकीय छेददर्शन, म्हणजे नित्याच्या व्यवहारातील सी. टी. स्कॅन, ही जलद व सर्वत्र रुळलेली पद्धत होय. रोहिणीरोधनात औषधाबरोबर खसखशीच्या तेलापासून केलेले आयोडीनयुक्त तेल वापरले असल्यास मात्र ती अडखळते. हे तेल अर्बुदात साठून क्ष-किरणांत मुळातच पांढरे दिसते आणि त्याआड जिवंत भागाचे उजळणे झाकले जाते. चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनाला, म्हणजे एम. आर. आय. ला, या तेलाचा फारसा अडथळा होत नाही. तिथे अडचण वेगळी असते : दग्ध भागातील साकळलेले रक्त द्रव्य टोचण्यापूर्वीच तेजस्वी दिसते. म्हणून टोचण्यापूर्वीची प्रतिमा नंतरच्या प्रतिमेतून वजा करून उरलेला उजाळा पाहतात.

दाहनानंतर क्षेत्राभोवती बारीक, सारख्या जाडीचे उजळ कडे काही काळ दिसते. ते शोथामुळे असते व हळूहळू नाहीसे होते. कडेला एका बाजूस गाठीसारखा जाड उजाळा असेल, तर ते अवशिष्ट अर्बुद समजावे लागते. हा भेद ओळखण्यात परीक्षकाची खरी कसोटी लागते. किरणोपचारानंतर तर उतावळेपणा विशेष घातक. कारण अर्बुद सावकाश मरते आणि त्यातील उजाळा कित्येक महिने टिकू शकतो. म्हणूनच अमेरिकेतील क्ष-किरणतज्ञांच्या महाविद्यालयाने २०१७ मध्ये उपचारित अर्बुदांसाठी केलेल्या वर्गीकरणात २०२४ साली किरणोपचारित अर्बुदांकरिता स्वतंत्र रीत घातली.

सूक्ष्म वायुबुडबुडे टोचून केलेल्या श्राव्यातीत ध्वनिदर्शनात (सोनोग्राफीत) रक्तप्रवाह प्रत्यक्ष वाहताना दिसतो. एखाद्या संशयित जागेच्या निरसनास ते उपयोगी पडते. संपूर्ण यकृत मात्र त्याने एका वेळी तपासता येत नाही. किरणोत्सर्गी ग्लुकोजावर आधारलेले पी. ई. टी. दर्शन अन्य कर्करोगांत प्रभावी असले, तरी यकृतकोशिकांशी साम्य राखणाऱ्या अर्बुदांत ग्लुकोज टिकून राहत नसल्याने ती निसटतात.

दाहन वा रोहिणीरोधन यांनंतर पहिली तपासणी सामान्यतः महिन्याभराने व पुढे साधारण दर तीन महिन्यांनी करतात. केवळ उपचारित जागा पाहून भागत नाही. शस्त्रक्रिया किंवा दाहन यांनंतर पाच वर्षांत सुमारे ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांत रोग पुन्हा उद्‌भवतो आणि सूत्रणग्रस्त यकृतात नवे अर्बुद पुष्कळदा जुन्या जागेपासून दूर, दुसऱ्याच खंडात आढळते.