उभ्या रेघेपलीकडे हरवलेला हिशोब

एखाद्या तपासणी प्रयोगशाळेत दिवसभराचे अहवाल एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये साठत आहेत, अशी कल्पना करा. एका ओळीत एक रुग्ण. त्यातले डेंगीचे किती, हे रोज संध्याकाळी वर कळवायचे आहे. नव्या तंत्रज्ञाने त्यासाठी चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली. पहिली आज्ञा फाइलमधून डेंगीच्या ओळी निवडते. तिच्यापुढे एक उभी रेघ. रेघेपलीकडे एक लूप, जे येणारी प्रत्येक ओळ वाचते आणि ‘एकूण’ नावाच्या खणातला आकडा एकाने वाढवते. सगळ्यात शेवटी ‘एकूण’ छापा, अशी आज्ञा. स्क्रिप्ट चालवली आणि उत्तर आले शून्य.

गंमत अशी, की लूपच्या आत दर फेरीला आकडा छापून पाहिला तर तो १, २, ३ करत व्यवस्थित ३७ पर्यंत जातो. लूप संपले की पुन्हा शून्य. पडद्यावर चूक झाल्याचा एकही संदेश नाही. त्याच ओळी सहकाऱ्याच्या मॅकवर थेट टाइप केल्या, तर तिथे मात्र ३७ येतात. (नुसते मोजायचेच असेल तर ओळी निवडणारी ‘ग्रेप’ ही आज्ञा एकटीच ते करून देते. पण प्रत्यक्षातल्या स्क्रिप्ट मोजता मोजता आणखी चार कामे करत असतात आणि फसगत तिथेच होते.) संध्याकाळी वर जो आकडा जातो तो ‘माहिती नाही’ असा नसतो, ‘शून्य रुग्ण’ असा असतो.

या फसगतीचे मूळ त्या उभ्या रेघेत आहे. पोथीतल्या दंडासारखी ती दिसते. दंड ओळ संपवतो, ही रेघ मात्र ओळ पुढे नेते. संगणकाच्या भाषेत तिला पाइप म्हणतात. आपण टाइप केलेल्या आज्ञा वाचून त्या अमलात आणणारा प्रोग्रॅम म्हणजे शेल आणि शेलमध्ये पाइपने एका प्रोग्रॅमचा मजकूर थेट दुसऱ्याच्या तोंडी जातो. अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये डग मॅकिलरॉय यांनी ही कल्पना १९६४ मध्ये एका टिपणात मांडली होती. बागेतल्या रबरी नळीला जसा आणखी एक तुकडा जोडता येतो, तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यावेत, असे त्यांचे म्हणणे होते. ती प्रत्यक्षात यायला १९७३ साल उजाडले. केन थॉम्पसन यांनी एका रात्रीत युनिक्समध्ये पाइपची सोय केली आणि दुसऱ्या दिवसापासून प्रयोगशाळेत एकेका ओळीत मोठमोठी कामे उरकण्याची चढाओढच लागली.

या कल्पनेची ताकद १९८६ मध्ये जगाने पाहिली. एखाद्या मजकुरात सर्वाधिक वेळा आलेले शब्द मोजून दाखवा, असे कोडे जॉन बेन्टली यांनी आपल्या सदरात डोनाल्ड नुथ यांना घातले. नुथ यांनी अनेक पानांचा, देखणा प्रोग्रॅम लिहिला. त्यावर अभिप्राय देताना मॅकिलरॉय यांनी तेच काम पाइपने जोडलेल्या सहा छोट्या आज्ञांत करून दाखवले. आज माणसाच्या जनुकीय आराखड्यातील सुमारे तीन अब्ज अक्षरांचा अभ्यास करणारेही हीच नळी वापरतात. एक प्रोग्रॅम अक्षरांचे तुकडे आराखड्यावर जागच्या जागी बसवतो, दुसरा ते क्रमाने लावतो आणि मधली अवाढव्य फाइल डिस्कवर लिहावीच लागत नाही.

नळीतून मात्र फक्त मजकूर जातो आणि तोही एकाच दिशेने. नळीच्या दोन टोकांना दोन स्वतंत्र प्रोग्रॅम एकाच वेळी चालू असतात. ते तसे चालावेत म्हणून शेल आपलीच एक प्रतिकृती तयार करते. तिला सबशेल म्हणतात. दुकानदाराने आपल्या हिशोबाच्या वहीची झेरॉक्स पोऱ्याला द्यावी आणि आतल्या गोदामात पाठवावे, तसे हे आहे. वहीत आधी जे लिहिलेले असते ते सगळे पोऱ्याला दिसते. तो मन लावून एकेक पोते मोजतो, आकडा खोडून नवा लिहितो आणि ३७ वर येतो. पण ते सगळे त्याच्या झेरॉक्सवर. काम संपताच ती प्रत टाकून दिली जाते. गल्ल्यावरच्या मूळ वहीत शून्य होते, ते शून्यच राहते. (संगणक खरे तर इतका उधळ्या नाही. पोऱ्या ज्या पानावर काही लिहील, तेवढ्याच पानाची नक्कल तो आयत्या वेळी काढतो. निकाल तोच.)

पोऱ्या ३७ हा आकडा ओरडून सांगू शकतो, म्हणजे छापू शकतो. मालकाच्या वहीत तो स्वतः लिहू शकत नाही. ही खोड नव्हे, मुद्दाम केलेली योजना आहे. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याची वही बिघडवू नये, म्हणून तर भिंत घातली. जाणकार तिचा फायदाही घेतात. आज्ञा साध्या कंसात लिहिल्या की त्या सबशेलमध्ये चालतात. तिथे हव्या त्या फोल्डरमध्ये जा, हवी ती मांडामांड करा, कंस संपला की आपण होतो तिथेच असतो.

मग मॅकवर ३७ कसे आले? २०१९ पासून मॅकमध्ये मूळ शेल म्हणून ‘झी शेल’ येते, तर लिनक्सच्या बहुतेक सर्व्हरवर टाइप करणाऱ्याच्या पुढ्यात ‘बॅश’ असते. डेव्हिड कॉर्न यांच्या कॉर्न शेलप्रमाणे झी शेल रेघेपलीकडची शेवटची आज्ञा स्वतःच चालवते. पोऱ्या फक्त आधीच्या कामांना पाठवते. बॅश सगळ्याच आज्ञा पोऱ्यांकडे सोपवते. यातले कुठलेही शेल नियम मोडत नाही, कारण पॉझिक्स या प्रमाणकाने दोन्ही पद्धतींना मुभा दिली आहे. आपल्या मॅकवर तपासून घेतलेल्या ओळी सर्व्हरवर वेगळे उत्तर देतात, त्या अशा. बॅशनेही २०११ च्या ४.२ आवृत्तीत ‘लास्टपाइप’ नावाचा पर्याय दिला. तो स्क्रिप्टमध्ये चालतो. हाताने टाइप करताना चालू करून पाहिला तर सहसा काहीच फरक पडत नाही आणि नवशिके आणखी गोंधळतात. सरळ उपाय म्हणजे निवडलेल्या ओळी आधी एका फाइलमध्ये ठेवायच्या आणि लूपला ती फाइल वाचायला द्यायची. रेघच नाही, म्हणून सबशेलही नाही.

नळीत आकड्यापेक्षा महाग अशी आणखी एक गोष्ट हरवते, ती म्हणजे अपयश. प्रत्येक प्रोग्रॅम संपताना शेलला एक अंक कळवतो. शून्य म्हणजे काम फत्ते, दुसरे काहीही म्हणजे बिघाड. पाइपने जोडलेल्या साखळीत शेल एरवी फक्त शेवटच्या प्रोग्रॅमचा अंक ग्राह्य धरते. जनुकांच्या उदाहरणात पहिला प्रोग्रॅम मेमरी कमी पडून अर्ध्यात कोलमडला, तरी दुसऱ्याला एवढेच दिसते की मजकूर येणे थांबले. तो आलेला मजकूर नीट लावून ‘फत्ते’ म्हणून मोकळा होऊ शकतो.

यावर ‘पाइपफेल’ हा पर्याय आहे. तो चालू केला की साखळीतल्या कोणाचेही अपयश साऱ्या साखळीचे अपयश ठरते. बॅशमध्ये तो बरीच वर्षे आहे, २०२४ मध्ये पॉझिक्सनेही स्वीकारला. पण त्याच्याही काही तऱ्हा आहेत. पुढचा प्रोग्रॅम पहिल्या दहा ओळी घेऊन निघून गेला, तर मागचा प्रोग्रॅम बंद झालेल्या नळीत लिहू पाहतो आणि व्यवस्था त्याला तिथेच थांबवते. बिघडलेले काही नसते, तरी पाइपफेल १४१ हा अंक दाखवून ओरडते. असे दोन-तीन खोटे इशारे आले की वैतागलेला माणूस पर्याय बंद करतो.

रात्री दोन वाजता एकट्याने चालणाऱ्या कामांना हे सर्वाधिक भोवते. रुग्णनोंदींचा डेटाबेस एक आज्ञा बाहेर ओतते, रेघेपलीकडची ‘जीझिप’ तो दाबून लहान फाइल करते. समजा पासवर्ड बदलला आणि स्क्रिप्टमध्ये बदलायचा राहिला. पहिली आज्ञा दारातूनच परत फिरते, जीझिप काहीच न आलेला मजकूर निष्ठेने दाबते आणि शून्य कळवते. सकाळी तारखेसह नवी फाइल जागेवर असते. तिचा आकार तेवढा पाहावा लागतो: २० बाइट.