आधी रोपं मोजा

जुलै २०२३ मध्ये अनेक शहरांत टोमॅटो किलोला दोनशे रुपयांच्या पलीकडे गेला. किरकोळ महागाईच्या निर्देशांकात त्याचा भाव आदल्या जुलैच्या तिप्पट दिसत होता. केंद्र सरकारने नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत दिल्लीत नव्वद रुपये किलोने विक्री सुरू केली, ऑगस्टमध्ये नेपाळहून माल आणला. सप्टेंबरात नाशिक जिल्ह्यातले शेतकरी तोच टोमॅटो रस्त्यावर ओतत होते. भास्कर चंदनशिव यांच्या कथेचं ‘लाल चिखल’ हे नाव पुन्हा एकदा बातम्यांचा मथळा झालं. आता त्या काळातलं देशाचं उत्पादन पाहा. २०२१-२२ साली सुमारे २०७ लाख टन, २०२२-२३ साली २०४ लाख टन, म्हणजे घट दीड टक्क्याच्याही आत. आणि जुलैत सुरू झालेल्या २०२३-२४ या कृषी वर्षात तर उत्पादन वाढून २१३ लाख टनांवर गेलं. ज्या वर्षाच्या पहिल्याच महिन्यात घराघरांत भाजीतून टोमॅटो गायब झाला, ते वर्ष आकड्यांत भरघोस पिकाचं आहे.

हे कोडं सोडवायचं तर थोडं मागे जावं लागेल. शतकाच्या सुरुवातीला, २००१-०२ मध्ये, देशात जेमतेम ७५ लाख टन टोमॅटो होत होता. २०१०-११ पर्यंत तो १६८ लाख टनांवर पोहोचला. संकरित बियाणं, ठिबक, मल्चिंग पेपर, तार-बांबूवर बांधलेली झाडं आणि घरच्या वाफ्याऐवजी नर्सरीतून ट्रेमध्ये आणलेली रोपं, या सगळ्यांचं ते फळ. त्यानंतर वेग मंदावला. २०२०-२१ मध्ये २१२ लाख टन आणि तेव्हापासून आकडा त्याच्याच आसपास घुटमळतो आहे. तरीही चीनखालोखाल जगात आपला क्रमांक दुसरा. माणशी हिशेब केला तर वर्षाला साडेचौदा किलोच्या आसपास, म्हणजे दिवसाला चाळीस ग्रॅम, साधारण अर्धा टोमॅटो. देशात टोमॅटो पुरेसा पिकत नाही, असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही. माझं म्हणणं असं की हा वर्षाचा आकडाच आपली दिशाभूल करतो. टोमॅटोचा पुरवठा महिन्यांत मोजायचा असतो आणि तो आपण मोजत नाही.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा देशात भर तोडणीचा काळ. जुलै-ऑगस्ट आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या दोन खिंडी. त्या काळात माल थोड्याच पट्ट्यांतून येतो. कर्नाटकातलं कोलार, आंध्रातलं मदनपल्ले, आपल्याकडे उन्हाळी पिकासाठी जुन्नर-नारायणगाव आणि पावसाळी पिकासाठी नाशिकचं पिंपळगाव बसवंत. जुलैत तोडायचा टोमॅटो एप्रिल-मे महिन्यांत लावावा लागतो आणि तो काळ झाडाच्या जिवावर येणारा. दिवसा पारा पस्तिशीच्या वर आणि रात्रीही उकाडा असेल तर परागकण निकामी होतात, फूल गळतं, फळ धरत नाही. त्यात पांढरी माशी पानं गुंडाळणारा विषाणू पसरवते, मावा काकडीवरचा मोझॅक आणतो. शेवटी तोडणीच्या तोंडावर पाऊस लागला की करपा येतो आणि फळं तडकतात. एवढी जोखीम घ्यायची की नाही हे शेतकरी त्या दिवशीच्या भावावरून ठरवतो आणि त्याच दिवसांत उन्हाळी मालाचे भाव बहुधा पडलेले असतात. २०२३ च्या वसंतात तेच झालं. भाव खाली, उष्मा वर, अनेकांनी लागवड टाळली. मग जुलैत वीस किलोची जाळी दोन हजारांच्या पुढे गेलेली पाहून जो तो रोपांसाठी धावला. लावणीपासून पहिला तोडा साठ-सत्तर दिवसांत मिळतो. जुलैत ज्यांनी रोपं लावली त्यांचा माल एकाच वेळी सप्टेंबरात बाजारात आला. म्हणजे भाव ही शेतकऱ्याच्या हातात पडणारी सर्वांत शिळी बातमी आणि तिच्यावरच तो पुढच्या दोन महिन्यांचा डाव मांडतो. त्याच्यापुढे दुसरी कोणती बातमी आपण ठेवली आहे?

यावर पहिलं उत्तर हमखास येतं ते शीतगृहांचं. पण टोमॅटो म्हणजे बटाटा नव्हे आणि चाळीत साठवायचा कांदाही नव्हे. पिकलेलं फळ थंडीतही आठवडा-दोन आठवड्यांपलीकडे जात नाही. कच्चं फळ दहा-बारा अंशांखाली ठेवलं तर त्याला थंडी बाधते आणि ते पुढे नीट पिकत नाही. शीतगृह दोन-चार दिवसांची घाई वाचवेल, फेब्रुवारीचा माल जुलैत आणून देणार नाही. दुसरं उत्तर कारखान्यांचं आणि त्यात तथ्य जास्त आहे. मात्र केचप-प्युरीला घट्ट गराचं, कमी पाण्याचं वाण लागतं आणि आपली बहुतेक लागवड लांबच्या वाहतुकीला टिकणाऱ्या, ताज्या विक्रीच्या वाणांची. अमेरिकेत प्रक्रियेचा जवळजवळ सगळा टोमॅटो कॅलिफोर्नियात होतो. तिथे त्यासाठी वेगळी वाणं लावतात आणि भाव हंगामाआधीच बोलून ठरतो. आपल्याकडे पडलेल्या भावाचा उरलेला माल कारखान्याने उचलावा अशी अपेक्षा असते. असा कारखाना भाव चढताच बंद पडेल. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात टोमॅटो, कांदा आणि बटाट्यासाठी ‘ऑपरेशन ग्रीन्स’ला ५०० कोटी रुपये देण्यात आले. हेतू चांगला होता, पण पाच वर्षांनी जुलै २०२३ टळला नाही. तिसरं उत्तर, दलाल. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या अभ्यासपत्रात टोमॅटोसाठी ग्राहक देतो त्या रुपयातले सुमारे ३३ पैसेच शेतकऱ्याला मिळतात असं दिसलं. लुधियानाच्या सीफेट संस्थेने २०१५ मध्ये काढणी ते विक्री यांतली नासाडी बारा टक्क्यांवर मोजली होती. शेतकऱ्याच्या वाट्याला एक तृतीयांश येणं हा अन्याय आहे आणि तो दूर व्हायला हवा. पण आडत, हमाली आणि ही नासाडी जुलैतही असते, सप्टेंबरातही असते. दोन महिन्यांत भाव दोनशेवरून मातीत का जातो, हे मधल्या साखळीवरून उलगडत नाही.

ते उलगडतं नर्सरीत. आज टोमॅटोचं बहुतांश रोप विकत घेतलं जातं. जुन्नर आणि नाशिक पट्ट्यातल्या नर्सऱ्यांच्या वह्यांत कोणत्या आठवड्यात किती ट्रे गेले याची नोंद असते आणि त्या नोंदीत दोन महिन्यांनंतरचा बाजार लिहिलेला असतो. कृषी खात्याने ही संख्या दर आठवड्याला गोळा करून तालुकावार जाहीर केली तर एप्रिलमध्येच कळेल की जुलैला खिंड मोठी आहे, आणि जुलैच्या अखेरीस कळेल की सप्टेंबरात ढीग लागणार आहेत. कोणी म्हणेल, आकडा पाहून सगळेच उलट दिशेला धावतील. काही जण धावतील. पण आज सगळे आंधळेपणाने एकाच दिशेला धावतात, त्याहून हे बरं. दुसरी शंका अशी की याचा फायदा व्यापाऱ्यांना होईल. मोठ्या व्यापाऱ्याला बियाणं विक्रेत्याकडून आणि नर्सरीवाल्याकडून हा अंदाज आजही मिळतो. तो मिळत नाही फक्त एक-दोन एकरवाल्याला. सरकारलाही याचा उपयोग आहे. आयातीचा निर्णय ऑगस्टऐवजी मेमध्ये घेता येईल आणि कारखान्यांशी करार माल सडण्याआधी करता येतील. त्यामुळे ऊन आणि विषाणू थांबणार नाहीत, हे मान्य. निदान त्यांच्या जोडीला आपलं अज्ञान तरी उरणार नाही.

यासाठी नवा कायदा नको, मोठा निधीही नको. कृषी खात्याने नारायणगाव आणि पिंपळगाव या दोन बाजारांच्या पट्ट्यांपुरती तरी ही मोजणी येत्या उन्हाळी लागवडीपासून सुरू करावी, आणि दर सोमवारी तो आकडा बाजार समितीच्या फलकावर भावाच्या शेजारी लिहावा.